धाकटीचा विषय

आमच्या घरात बीई ही पदवी नाही, रेशनकार्ड आहे. ते असतंच, त्याबद्दल कुणी बोलत नाही. काका मेकॅनिकल, दोघे चुलतभाऊ इलेक्ट्रिकल, मी कॉम्प्युटर. बाबांचा केमिकलचा डिप्लोमा, म्हणून त्यांच्या मनात ती एक जुनी रुखरुख. अशा घरात माझ्या धाकट्या बहिणीनं बारावी सायन्सला उत्तम मार्क पाडले आणि फॉर्म भरला तो म. स. विद्यापीठातल्या होम सायन्सचा. रावपुऱ्यातल्या आत्यानं विचारलं, "म्हणजे स्वयंपाकच ना? तो तर मी शिकवीन, फी पण नको." त्या विद्याशाखेत 'विस्तार आणि संचार' असा एक स्वतंत्र विभाग आहे, त्यात एमएस्सी करता येते, गावोगावी जाऊन माहिती लोकांपर्यंत कशी पोचते आणि कुठे अडते याचा अभ्यास असतो, हे तिनं प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत, प्रत्येक गणपतीत नव्यानं सांगितलं. शेवटी कंटाळून "हो, स्वयंपाकच" असं सांगायला लागली.

पाच वर्षं नोकरी केल्यावर गेल्या डिसेंबरात तिनं अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत पीएचडीसाठी अर्ज केले. विषय ऑर्गनायझेशनल कम्युनिकेशन. मराठीत 'संघटनात्मक संवाद' म्हणता येईल. तसं मी म्हटलं तर बाबा दचकले, "संघटना? युनियन?" काकांनी निकाल दिला, "एचआर आहे रे ते. नाव मोठं केलंय." आई म्हणाली, एकोणतीस पूर्ण होतील आता. या वाक्याचा पुढचा अर्धा भाग आपल्या घरांमध्ये कधी बोलावा लागत नाही.

मग बाबांनी मला गॅलरीत नेऊन सांगितलं, "तू समजव तिला. तुझं ऐकते ती."

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. मी या प्रकरणात तटस्थ नव्हतो. नऊ वर्षं मी पुण्यात आहे. या नऊ वर्षांत आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, बाबांची अँजिओप्लास्टी, गॅसचा सिलिंडर, बँकेचं केवायसी, सगळं धाकटीनं पाहिलं. ती पाच-सहा वर्षांसाठी गेली तर हे सगळं माझ्याकडे येणार होतं. येऊ नये असं नाही, माझंच आहे ते. पण येणार होतं एवढं खरं. तेव्हा तिला 'समजवण्या'त माझाही फायदा होता, आणि म्हणूनच मी ठरवलं की आधी विषय काय आहे ते वाचायचं, मग तोंड उघडायचं.

सुरुवात मात्र वाचनानं झाली नाही, ऑफिसातल्या एका भानगडीनं झाली. एका क्लायंटच्या सिस्टिमचं मोठं रिलीज होतं आणि ते भर रात्री आपटलं. पहाटे चारला मागे घ्यावं लागलं. मी त्या टीममध्ये नव्हतो, म्हणून झाल्या प्रकाराचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी मेल आणि चॅट काढून तारखेनं लावले. सोमवारी एका ज्युनिअर मुलानं लीडला लिहिलं होतं: डेटा हलवायला टेस्टिंगच्या मशीनवर सहा तास लागतायत, आपल्याकडे चार आहेत, हे बसणार नाही. लीडनं मंगळवारी मॅनेजरला कळवलं: वेळेच्या बाबतीत थोडी रिस्क आहे, टीम लक्ष ठेवून आहे. मॅनेजरनं बुधवारी वर पाठवलेल्या स्टेटसमध्ये त्या ओळीचा रंग पिवळा होता. गुरुवारी क्लायंटला गेलेल्या तक्त्यात तो हिरवा होता. यात कुणीही धडधडीत खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकानं एक पायरी चढताना वाक्याचा एक काटा काढून टाकला होता, एवढंच.

हे मी फोनवर धाकटीला सांगितलं. कंपनीचं, क्लायंटचं नाव न घेता. ती म्हणाली, "दादा, हाच तर माझा विषय आहे. याच्यावर लोकांनी आयुष्यं घालवलीत." आणि तिनं मला एका माणसाचं नाव दिलं. मी तोपर्यंत ते कधी ऐकलं नव्हतं आणि तुम्हीही ऐकलं नसेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फिलिप टॉम्पकिन्स. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात पर्ड्यू नावाचं विद्यापीठ आहे. आपली मुलं तिथे इंजिनिअरिंगला जातात, नील आर्मस्ट्राँग तिथलाच. पण त्याच विद्यापीठात डब्ल्यू. चार्ल्स रेडिंग नावाचे प्राध्यापक होते, ज्यांना या विषयाचे एक जनक मानतात. कारखान्यात, कचेरीत माणसं एकमेकांशी कशी बोलतात आणि का बोलत नाहीत, हा विद्यापीठात शिकवण्यासारखा विषय आहे हे रुजवणाऱ्यांत ते होते. टॉम्पकिन्स त्यांच्या हाताखाली शिकले आणि १९६२ मध्ये त्यांनी पीएचडीचा प्रबंध सादर केला तो कशावर? एका कामगार युनियनचं मुख्यालय आणि तिच्या स्थानिक शाखा यांच्यातल्या संवादावर. हे वाचल्यावर मी बाबांना लगेच फोन केला की तुमची शंका अगदीच चुकीची नव्हती. वरचे आणि खालचे एकच शब्द वापरतात पण त्याचा अर्थ वेगळा घेतात, या अंतराला त्यांनी त्या प्रबंधात नावही दिलं.

त्यानंतरची त्यांची एक गोष्ट मला फार आवडली. ट्रुमन कपोटी या लेखकाचं 'इन कोल्ड ब्लड' हे पुस्तक तेव्हा गाजत होतं, यातला शब्दन् शब्द खरा आहे असा लेखकाचा दावा होता. टॉम्पकिन्स कॅन्ससला गेले, त्या प्रकरणातल्या माणसांना भेटले, कागद पाहिले आणि पुस्तक कुठे कुठे वास्तवाला सोडून जातं ते १९६६ मध्ये 'एस्क्वायर' मासिकात लिहिलं. संघटना वगैरे राहू द्या, आधी माणसाला जाऊन विचारायचं ही सवय तिथे दिसते.

याच सवयीचा उपयोग पुढच्या वर्षी झाला. १९६७ च्या उन्हाळ्यात आणि मग १९६८ मध्ये ते नासाच्या मार्शल केंद्रात सल्लागार म्हणून गेले. अलाबामा राज्यात हंट्सव्हिलला हे केंद्र. चंद्रावर नेणारं सॅटर्न-पाच हे रॉकेट तिथे तयार होत होतं आणि प्रमुख होते वेर्नर फॉन ब्राउन. (हे तेच, ज्यांनी हिटलरच्या जर्मनीत व्ही-२ केलं, आणि ते रॉकेट जोडायला छळछावणीतले कैदी राबवले गेले. धाकटी म्हणते की त्या केंद्राचं कौतुक करताना हे वाक्य गाळायचं नाही. म्हणून गाळत नाही.) टॉम्पकिन्सचं काम काय, तर एकेका अधिकाऱ्यासमोर बसायचं आणि विचारायचं: इथे संवादाच्या बाबतीत काय चांगलं चालतं आणि काय चालत नाही?

उत्तरांत पुन्हा पुन्हा एक गोष्ट येत राहिली: सोमवारच्या चिठ्ठ्या. फॉन ब्राउनच्या खालच्या दोन डझनांच्या आसपास अधिकाऱ्यांनी दर सोमवारी एक पानभर चिठ्ठी पाठवायची. फॉर्म नाही, रकाने नाहीत. आठवड्यात काय झालं, काय अडलं. फॉन ब्राउन समासात आपल्या हातानं शेरे लिहायचे, प्रश्न विचारायचे, कधी शाबासकी द्यायचे. मग त्या सगळ्या चिठ्ठ्या, शेऱ्यांसकट, सगळ्यांना परत जायच्या. म्हणजे इंजिनवाल्याला कळायचं की टाकीवाल्याचं काय अडलंय आणि साहेब त्यावर काय म्हणाले. 'शेरा' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आमचे खापरपणजोबा बडोदे संस्थानात कारकून होते, शेरा म्हणजे काय हे आपल्याला इंग्रजीतून समजावून घ्यायची गरज नाही.

टॉम्पकिन्सनी एक पायरी खाली उतरून विचारलं: तुमच्या चिठ्ठीतला मजकूर तुम्हाला कुठून मिळतो? कळलं ते असं, की त्या अधिकाऱ्यांपैकी बहुतेकांनी आपल्या हाताखालच्यांकडून शुक्रवारी तशाच चिठ्ठ्या मागायला सुरुवात केली होती. फॉन ब्राउननी तसा हुकूम काढला नव्हता. आपल्या कागदावर खरोखर शेरा येतो, तो कुणी तरी वाचतं, हे कळल्यावर खालपर्यंत माणसं आपणहून लिहायला लागली होती.

मी हे वाचून आमच्या कंपनीतलं स्टेटस टूल उघडून पाहिलं. गेल्या वर्षभरात माझ्या नोंदींवर एकही प्रतिक्रिया नव्हती. एका नोंदीवर अंगठा होता, तोही माझाच.

रेडस्टोन रॉकेटची गोष्ट याच फॉन ब्राउनची. एक चाचणी फसली, कारण सापडेना. एका इंजिनिअरनं येऊन सांगितलं की उड्डाणापूर्वी मी स्क्रूड्रायव्हरनं एक जोड घट्ट केला तेव्हा ठिणगी पडली होती, नंतर तपासलं तर सगळं ठीक वाटलं म्हणून बोललो नाही. तेच कारण निघालं. फॉन ब्राउननी त्याला शॅम्पेनची बाटली पाठवली. आपल्या कचेऱ्यांत त्याला काय मिळालं असतं ते सांगत बसत नाही.

आणि आता याच्या उलट बाजू. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, सात जण गेले. आदल्या रात्री त्याचे बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या इंजिनिअरांनी फोनवरच्या बैठकीत सांगितलं होतं की एवढ्या थंडीत रबरी ओ-रिंग दगा देतील, सोडू नका. पलीकडून हरकती आल्या, कंपनीच्या वरिष्ठांनी थोडा वेळ मागितला आणि आपल्याच इंजिनिअरांचा सल्ला फिरवला. उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांपर्यंत ही रात्रीची वादावादी पोचलीच नाही, हे चौकशी आयोगानंच लिहून ठेवलं. आणि पलीकडच्या बाजूला कोण होतं? हंट्सव्हिलचं तेच मार्शल केंद्र. वीस वर्षांपूर्वी जिथे शुक्रवारच्या चिठ्ठ्या आपोआप वर यायच्या, तेच.

टॉम्पकिन्सनी हा प्रश्न सोडला नाही. १९९३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. २००३ मध्ये कोलंबिया यान पडलं, आपल्याला कल्पना चावलामुळे ते विसरता येणार नाही, त्यानंतर २००५ मध्ये अपोलो, चॅलेंजर आणि कोलंबिया यांची सलग कहाणी सांगणारं दुसरं. एक प्रश्न, जवळजवळ चाळीस वर्षं. आमच्या धंद्यात एखाद्यानं एकच टेक्नॉलॉजी चार वर्षं धरली तर लोक काळजीनं चौकशी करतात.

मधल्या काळात ते शिकवत होते, त्यांच्या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे अध्यक्ष झाले, आणि जॉर्ज चेनी यांच्याबरोबर त्यांनी आणखी एक विचार मांडला जो मला व्यक्तिशः झोंबला. माणसांवर ताबा ठेवायच्या पद्धती कोणत्या? मुकादम उभा करायचा, ही एक. यंत्राच्या वेगाला बांधायचं, दुसरी. नियमांचं पुस्तक, तिसरी. या तीन आधीच सांगितल्या गेल्या होत्या. टॉम्पकिन्स आणि चेनी म्हणाले, चौथीही आहे: माणसांना संस्थेची मूल्यं इतकी आपली वाटू द्यायची की ती स्वतःवर आणि एकमेकांवर स्वतःच लक्ष ठेवतील. पुढे जेम्स बार्कर यांनी कॉलोरॅडोतल्या एका छोट्या कंपनीत हे प्रत्यक्ष पाहिलं. सर्किट बोर्ड करणारी कंपनी, १९८८ मध्ये तिनं सुपरवायझर काढून स्वयंशासित टीम केल्या. सगळे खूश. मग टीमनं स्वतःच वेळेवर येण्याचे नियम केले, ते दिवसेंदिवस कडक होत गेले, आणि एक कामगार म्हणाला त्याचा मतितार्थ असा की पूर्वी साहेबाची पाठ वळली की दोन मिनिटं श्वास घेता यायचा, आता अख्खी टीमच चोवीस तास डोळा ठेवून असते. बार्करचा हा लेख १९९३ चा आहे. त्यानंतर आठ वर्षांनी आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी अजाइलचा जाहीरनामा काढला. रोज सकाळी दहाला उभं राहून 'काल काय केलं' सांगणाऱ्या आपल्यातल्या प्रत्येकानं हा लेख वाचायला हरकत नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं अमेरिकेतलं. मलाही तसंच वाटलं होतं. पण आपल्या वडोदऱ्याच्या शेजारी आणंद आहे. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाच्या सहकारी कार्यक्रमातल्या दूध घालणाऱ्या बायकांवर मायकेल पापा, अरविंद सिंघल, घाणेकर आणि वेंडी पापा यांचा अभ्यास २००० मध्ये याच क्षेत्राच्या एका नामांकित नियतकालिकात आला. दूध संघात बायका आल्या म्हणजे त्या सक्षम झाल्या, असं सरळ विधान ते करत नाहीत. एकत्र बसून बोलण्यानं बळ येतं आणि त्याच बोलण्यात कधी जुन्या बेड्याही घट्ट होतात, दोन्ही एकाच वेळी चालतं, हे ते दाखवतात. धाकटीला याच वाटेनं जायचं आहे. तिची पाच वर्षं पंचमहालातल्या बचत गटांच्या बैठकांत गेली आहेत. रजिस्टरमध्ये 'सर्वानुमते' लिहिलेलं असतं आणि अर्ध्या बायकांनी तोंडही उघडलेलं नसतं, हे तिनं शेकड्यांनी पाहिलंय. त्या गप्प बसलेल्या अर्ध्यांवर तिला लिहायचं आहे.

एवढं वाचून मी बाबांना सांगितलं की मी तिला समजावणार नाही. ते काही बोलले नाहीत. चार दिवस घरात टीव्हीचा आवाज मोठा होता.

अर्जासोबत लेखनाचा एक नमुना द्यावा लागतो. त्यासाठी धाकटीला एक मुलाखत हवी होती, बचत गटांबाहेरची. ती सरळ बाबांसमोर जाऊन बसली. बाबा तेहतीस वर्षं एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर आणि मग शिफ्ट इन्चार्ज होते. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तिनं मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवला आणि विचारलं, "शिफ्ट बदलताना तुम्ही नक्की काय करत होता?" बाबा म्हणाले, "लॉगबुकवर सही." ती म्हणाली, "आणि?"

त्या 'आणि' नंतर दोन तास गेले.

बाबांनी सांगितलं ते असं. पंच्याण्णव-शहाण्णव साल असेल, नाइट शिफ्ट. लॉगबुकात आदल्या शिफ्टची नोंद: पंप बी चालू, पंप ए बंद, बाकी नॉर्मल. रात्री अडीचला बी ट्रिप झाला. एक नवा मुलगा ए चालू करायला धावला. बाबांनी ओरडून त्याला थांबवलं. कारण संध्याकाळी सायकल स्टँडवर, घरी जाता जाता, आदल्या शिफ्टचा माणूस बाबांच्या कानात सांगून गेला होता, "ए ने हाथ ना लगाडता, सील गयुं छे." आत गरम कॉस्टिक होतं. त्या मुलाचा चेहरा पंपापासून दोन फुटांवर आला असता.

धाकटीनं विचारलं, मग त्यानं लॉगबुकात का नाही लिहिलं?

बाबा बराच वेळ थांबले. रेकॉर्डिंगमध्ये पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. मग म्हणाले, "लिहिलं असतं तर वरून प्रश्न आला असता, सील महिन्यापूर्वी बदलायचं होतं, का नाही बदललं? त्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, मेंटेनन्सवाल्याकडे होतं. आणि मेंटेनन्सवाल्यानं पार्ट मागितला होता, तो वर अडला होता. मग जो लिहितो तो सापडतो."

"तुम्ही दुसऱ्या दिवशी लिहिलंत?"

"काही झालंच नाही ना. काय लिहिणार?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली. मी पण.

मग धाकटीनं पायपर अल्फाचा विषय काढला. उत्तर समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म, ६ जुलै १९८८, १६७ माणसं गेली. तिथेही दोन पंप, ए आणि बी. ए चा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला, ही माहिती रात्रीच्या शिफ्टपर्यंत पोचली नाही, बी बंद पडला आणि त्यांनी ए चालू केला. ती सांगत होती आणि बाबांनी तिला मध्येच थांबवून पुढचं स्वतः सांगितलं, परमिट कुठे ठेवलं होतं, फ्लँज कसा नुसता हातानं लावला होता. आमच्या सेफ्टी ट्रेनिंगला दाखवायचे, म्हणाले. मग म्हणाले, आमच्याकडे सायकल स्टँड होता म्हणून.

त्या दिवशी बाबांचं मन बदललं असं लिहिलं तर छान दिसेल, पण तसं झालं नाही. जेवताना त्यांनी विचारलं, "ठीक आहे, विषय आहे. नोकरी कुठे?"

प्रश्न रास्त आहे, आणि हे वाचणाऱ्या मुलामुलींच्या घरीही तो येणार, म्हणून जेवढं आम्ही शोधलं तेवढं सांगतो. अमेरिकेत या विषयाच्या पीएचडीला, चांगल्या ठिकाणी प्रवेश मिळाला तर, फी सहसा माफ असते आणि शिकवण्याच्या बदल्यात दरमहा पैसे मिळतात. त्यात एका माणसाचं काटकसरीनं भागतं. बरेचदा ते वर्षातले नऊच महिने असतात, उन्हाळ्याचं आपलं आपण बघायचं. इंजिनिअर मुलं एमएससाठी कर्ज काढून जातात, त्या मानानं हे स्वस्त, पण लांबलचक. पहिली दोन-तीन वर्षं कोर्स, मग मोठी परीक्षा, मग प्रबंध. शिकवायचं म्हणजे अठरा वर्षांच्या अमेरिकन मुलांना चारचौघांत भाषण कसं करावं ते शिकवायचं. हे ऐकून आत्या म्हणाली, "ही? हिला तर मंडळाच्या स्टेजवर प्रार्थना म्हणताना रडू आलं होतं." पीएचडीनंतर असिस्टंट प्रोफेसरची जागा मिळाली तर साधारण सहा वर्षांनी कायम करायचं की नाही ते ठरतं, आणि तोवर शोधनिबंध, शिकवणं, समित्या या तिन्हींचा हिशेब चालू. जागा कमी, उमेदवार जास्त, हे तिथेही आहे. भारतात काही आयआयएममध्ये कम्युनिकेशन शिकवणारे स्वतंत्र प्राध्यापक असतात, अहमदाबादला मायका आहे. बाकी कंपन्यांत सल्लागार म्हणून जाता येतं, पण ते धाकटीला नको आहे. काकांचा यावर आक्षेप असा की तिला जे नको आहे त्यालाच पैसे आहेत. काकांना उत्तर देणं मला जमलेलं नाही.

टॉम्पकिन्सचं शेवटचं एक राहिलं. विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर ते डेन्व्हरमधल्या बेघरांच्या आसऱ्यात स्वयंसेवक म्हणून जायला लागले आणि बेघरपणा संपवण्यासाठी संघटना आणि संवाद यांवर २००९ मध्ये पुस्तक लिहिलं. आईला बाकी रॉकेटबिकेट काही आवडलं नाही, हे आवडलं.

मार्चमध्ये तिला मिडवेस्टातल्या एका सरकारी विद्यापीठाकडून होकार आला, पाच वर्षांच्या मदतीसह. उत्तर द्यायची मुदत १५ एप्रिल. त्या महिनाभरात घरात जे झालं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एक स्थळ अगदी तेव्हाच यायचं होतं, तेही आलं. मुलगा चांगला होता, थांबायला तयार नव्हता. धाकटीनं नाही म्हटलं आणि आई दोन दिवस जेवली नाही. मी आणि माझी बायको, दोघंही पुण्यात नोकरीला, रात्री रात्री हिशेब करत बसलो. मी कंपनीकडे कायमचं घरून काम मागितलं. डिसेंबरपर्यंत मिळालंय, पुढचं पुढे बघू असं उत्तर आहे. बायकोची कंपनी आठवड्यातून तीन दिवस बोलावते. तेव्हा सध्या मी वडोदऱ्यात, ती पुण्यात, आणि शनिवार-रविवारची रेल्वेची तिकिटं अशी व्यवस्था आहे. तिनं हे हसत मान्य केलं असं मी म्हणणार नाही. मान्य केलं.

१४ एप्रिलला रात्री धाकटीनं होकाराची मेल पाठवली. पाठवण्याआधी तिनं ती बाबांना वाचायला दिली. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि एक स्वल्पविराम काढायला सांगितला.

व्हिसा झाला आहे. गेल्या आठवड्यात बाबांनी तिला त्यांच्याबरोबर काम केलेल्या, आता निवृत्त झालेल्या सात जणांचे फोन नंबर एका कागदावर लिहून दिले. दोघे हालोलला असतात, एक भरूचला, बाकी इथेच. जायच्या आधी त्यांच्याशीही बोलून घे म्हणाले, त्यातला एक तो सायकल स्टँडवाला आहे. रोज एकेकाकडे ती रेकॉर्डर घेऊन जाते आहे, बाबा स्कूटर चालवतात.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती निघेल. तुमच्या घरी कुणी बारावीनंतर, किंवा बीई झाल्यावरही, असल्या नाव न कळणाऱ्या विषयाच्या मागे असेल आणि अर्ज, शिफारसपत्रं, लेखनाचा नमुना यांबद्दल काही विचारायचं असेल, तर जुलै अखेरपर्यंत दर रविवारी सकाळी ती मंडळाच्या वाचनालयात असते. आई-बाबांना बरोबर आणलं तरी चालेल. बाबाही तिथेच असतात, पेपर वाचत.